रबरापायी उधळलेले आयुष्य

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत पिकअप ट्रक बाळगणारा माणूस झिजलेले टायर बदलण्यासाठी दुकानात जातो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची मागणी ‘ऑल-सीझन’ टायरची असते. जुलैच्या तापलेल्या डांबरावर हे रबर मऊ पडू नये आणि जानेवारीच्या गारठ्यात कडक होऊ नये, एवढीच अपेक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र जगातील कोणतेच रबर ती पुरी करू शकत नव्हते. ती पुरी व्हावी म्हणून एका माणसाने घरातले सामानसुमान आणि मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली. चार्ल्स गुडइयर हे त्याचे नाव.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा हे लोखंडी सामान व शेतीची अवजारे बनवीत. सतराव्या वर्षी चार्ल्स धंदा शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला गेला, परत येऊन वडिलांचा भागीदार झाला आणि १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी विवाहबद्ध झाला. दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियातच लोखंडी सामानाचे दुकान थाटले. सुरुवात झोकात झाली, पण उधारीत माल देण्याची सवय नडली आणि १८३० मध्ये दिवाळे वाजले. त्या काळी कर्ज बुडविणाऱ्याची रवानगी तुरुंगात होत असे. गुडइयरच्या तुरुंगवाऱ्यांना तेव्हापासून जी सुरुवात झाली, ती पुढे पंचवीस वर्षे थांबली नाही.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याने रबराचा जीवरक्षक पट्टा पाहिला. रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीचे ते दुकान होते. पट्ट्यात हवा भरण्याची झडप त्याला सदोष वाटली, म्हणून सुधारित झडप बनवून तो काही दिवसांनी पुन्हा तेथे गेला. तेव्हा त्याला कळले, की दुखणे झडपेचे नसून रबराचेच आहे. ब्राझीलहून येणाऱ्या रबराच्या वस्तूंची अमेरिकेत तेव्हा लाटच आली होती. पाणी न शिरणारे बूट, डगले, टोप्या लोकांनी हौसेने घेतल्या. मात्र उन्हाळा येताच त्यांचा चिकट, दुर्गंधी लगदा होई आणि हिवाळ्यात त्याच वस्तू दगडासारख्या टणक होऊन तडकत. परत आलेल्या मालाचे ढीग कंपनीला जमिनीत पुरावे लागले. दुसरा कोणी असता तर त्याने या धंद्याकडे पाठ फिरवली असती. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या गुडइयरने नेमका तोच धंदा उचलला.

फिलाडेल्फियाला परतल्यावर कर्जापायी तो पुन्हा तुरुंगात पडला. तेथेच त्याने कच्चे रबर आणि बायकोचे लाटणे मागवून घेतले. रबर तिंबायचे, लाटायचे, त्यात काही ना काही भुकटी मिसळायची, असा उद्योग कोठडीत सुरू झाला. मॅग्नेशिया मिसळलेले रबर पांढरेशुभ्र आणि कोरडे झाले, म्हणून सुटकेनंतर घरच्या मंडळींना हाताशी धरून त्याने त्याचे बूट बनविले. उन्हाळ्यात तेही पाघळले. पुढे नत्राम्लाने रबराचा पृष्ठभाग कोरडा करण्याची युक्ती सापडली आणि १८३७ मध्ये तिचे पेटंटही मिळाले. त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीत भांडवल पुरविणारा भागीदार बुडाला. सरकारकडून टपालाच्या थैल्यांचे काम मिळाले, तेव्हा दिवस पालटल्यासारखे वाटले. पण तयार थैल्या उबदार खोलीत ठेवून तो काही दिवस बाहेरगावी गेला आणि परतला तो त्या वितळून लोंबत होत्या. वरची साल तेवढी सुधारली होती, आतले रबर जसेच्या तसे होते.

मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे नॅथॅनियल हेवर्ड नावाचा कारागीर रबरावर गंधक वापरून पाहत होता. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. १८३९ मध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या लोखंडी शेगडीला लागला. हा प्रसंग नेमका कसा घडला, याच्या अनेक सुरस कथा सांगितल्या जातात. तुकडा वितळायला हवा होता, तो चामड्यासारखा करपला. आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी निघाली, की जी जळली नव्हती आणि चिकटही नव्हती. तो तुकडा त्याने कडाक्याच्या थंडीत रात्रभर घराबाहेर खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो पूर्वीइतकाच लवचीक होता. या शोधाला निव्वळ योगायोग म्हणणे गुडइयरला आवडत नसे आणि त्यात तथ्य होते. पाच वर्षे जो माणूस हाच प्रश्न उराशी बाळगून होता, त्यालाच त्या करपलेल्या कडेचा अर्थ लागला.

किती उष्णता, किती गंधक आणि किती वेळ, हे ठरविण्यात पुढची काही वर्षे गेली. हाच काळ सर्वांत खडतर होता. शेजाऱ्यांच्या भट्ट्या, घरची चूल, जेथे विस्तव मिळेल तेथे तो रबराचे तुकडे भाजत असे. घरात कधी अन्न नसे, तर कधी सरपण. १८४० मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा विल्यम मरण पावला, तेव्हा अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. त्याची आणखीही काही अपत्ये बालपणीच दगावली. चरित्रकार या प्रकरणाला त्यागाची गाथा म्हणून रंगवितात. पण त्याग करायचा की नाही, हे त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. क्लॅरिसाने तक्रार न करता हे सारे सोसले, असे सांगितले जाते. सोसण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता.

शोधाचे मर्म शास्त्रज्ञांना पुढे उलगडले. कच्च्या रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवरून मोकळेपणी घसरतात, म्हणून ते उष्णतेने पाघळते. उष्णता दिल्यावर गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये टाके घालतात आणि रबर ताणले तरी मूळ आकारात परतते. आजचा प्रत्येक टायर याच टाक्यांवर उभा आहे. अर्थात, तडजोड संपलेली नाही. ‘ऑल-सीझन’ टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. बर्फाळ प्रदेशातील पिकअपवाला म्हणूनच टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह शोधतो. हे चिन्ह बर्फावरील पकडीची चाचणी पार पडल्याची खूण आहे, तर ‘एम अँड एस’ ही अक्षरे केवळ नक्षीपुरती असतात. ओझे वाहायचे किंवा ट्रेलर ओढायचा असेल, तर ‘एलटी’ वर्गाचा टायर घेणे इष्ट. मोटारीचा टायर पिकअपला बसविल्यास त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते.

गुडइयरला अमेरिकेतील पेटंट १५ जून १८४४ रोजी मिळाले. तोवर इंग्लंड हातचे गेले होते. त्याने तिकडे पाठविलेले नमुने टॉमस हँकॉकच्या हाती लागले. पृष्ठभागावरील गंधकाचा अंश त्याच्या लक्षात आला आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये त्याने गुडइयरच्या आधी अर्ज दाखल केला. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून या प्रक्रियेला ‘व्हल्कनायझेशन’ हे नाव मिळाले, तेही हँकॉकच्या मित्राकडून. मायदेशात होरेस डे याच्याविरुद्धचा खटला १८५२ मध्ये ट्रेंटन येथे चालला. तत्कालीन परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी गुडइयरची बाजू मांडली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला.

पैसा आता येऊ लागला, पण टिकला नाही. परवाने त्याने स्वस्तात देऊन टाकले आणि मिळकत प्रदर्शनांवर उधळली. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने रबराच्या सामानाने सजविलेले दालन उभारले. क्लॅरिसा १८५३ मध्ये लंडनलाच वारली; पुढल्या वर्षी त्याने फॅनी वॉर्डेल हिच्याशी लग्न केले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याने आणखी मोठा खर्च केला. त्याच सुमारास फ्रान्समधील पेटंट रद्द ठरले, देणी थकली आणि डिसेंबरात तो पुन्हा गजाआड झाला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बहाल केलेले ‘लिजन ऑफ ऑनर’ त्याला पोहोचले ते या तुरुंगात!

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी अत्यवस्थ असल्याचे कळताच आजारी गुडइयर न्यू हेवनला निघाला. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ती आधीच गेल्याची वार्ता मिळाली. तेथील फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू हॉटेलात १ जुलै रोजी त्याने प्राण सोडला. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज उरले. हवेचा टायर रस्तोरस्ती धावू लागला तो डनलॉपच्या १८८८ मधील पेटंटनंतर. अ‍ॅक्रन शहरात फ्रँक सायबरलिंग याने १८९८ मध्ये टायरचा कारखाना काढला आणि त्याला गुडइयरचे नाव दिले. याच कंपनीने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा ‘ऑल-सीझन’ टायर बाजारात आणला. पुढे मराठवाड्यातील वाळूजलाही तिचे टायर बनू लागले. गुडइयर कुटुंबाचा मात्र या कंपनीशी कधीच संबंध नव्हता.