नाण्यांवरच्या खुणांचे निदान करणारा प्रिन्सेप

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो. हा बट्टा मुळात नाण्यांच्या बाजारातला. जुना, झिजलेला, कुणी टोचा मारून पाहिलेला किंवा परक्या टांकसाळीचा रुपया सराफ पूर्ण भावाने घेत नसे. त्यातून जे वजा होई, तो बट्टा. दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात रुपयांच्या इतक्या जाती चालत होत्या की सामान्य माणसाला सराफाच्या शब्दावर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्याकडच्या अंकुशी रुपयावर माहुताचा अंकुश, बनारसच्या रुपयावर मासा. यातली कोणती खूण टांकसाळीची, कोणती सराफाची आणि कोणती नुसत्या झिजेची, हे कळण्यावर गरिबाच्या हातातल्या रुपयाची किंमत ठरत असे. या गोंधळाचा शास्त्रीय निकाल लावणाऱ्यांत जेम्स प्रिन्सेपचे नाव वरचे आहे. अशोकाचे शिलालेख वाचणारा म्हणून तो शाळेच्या पुस्तकात भेटतो, पण त्याची नोकरी टांकसाळीत चांदीचा कस तपासण्याची होती.

२० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचा जन्म झाला. त्याला वास्तुकलेची ओढ होती आणि तो ऑगस्टस प्युजिन यांच्या हाताखाली शिकतही होता. पण डोळे बिघडले आणि बारीक रेखाटनाचे काम सोडावे लागले. दृष्टी पुढे सुधारली, तोवर वाट मात्र बदलली होती. वडील पूर्वी बंगालमध्ये व्यापार करून गेलेले, त्यांनी ओळखीने मुलासाठी टांकसाळीतली जागा पाहिली. जेम्सने लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रसायनशास्त्राचे धडे घेतले, शाही टांकसाळीत कस काढायला शिकला आणि सप्टेंबर १८१९ मध्ये, विशीतच, कलकत्त्याला उतरला. तिथला वरिष्ठ होरेस हेमन विल्सन हा पेशाने डॉक्टर, कामाने टांकसाळीचा अधिकारी आणि नावाजलेला संस्कृत पंडित. वर्षभरात प्रिन्सेपची बनारसच्या टांकसाळीत नेमणूक झाली आणि पुढची दहा वर्षे तो तिथेच राहिला.

बनारसला त्या काळात पाडल्या जाणाऱ्या रुपयावर गाव लिहिलेले असे फर्रुखाबाद आणि साल शाह आलम बादशहाच्या राज्याचे पंचेचाळिसावे. गाव ते नव्हे, आणि बादशहाही १८०६ मध्येच वारलेला. यात लबाडी नव्हती, हा बट्ट्यावरचा उपाय होता. दरवर्षी साल बदलले की सराफ जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा लावत, म्हणून कंपनीने सालच गोठवून टाकले. परिणामी नाण्यावरचा मजकूर काही सांगेना. खरे सांगत त्या बारीकसारीक खुणा: अक्षरांमधला एखादा ठिपका, कडेवरच्या रेघा. या रेघा आधी तिरप्या होत्या, मग उभ्या झाल्या आणि शेवटी कड सपाट झाली. नुसत्या कडेवरून रुपया साधारण कोणत्या काळातला ते आजही ओळखता येते.

टांकसाळीत वावरलेल्या माणसाला खुणेचे मूळ शोधताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की खूण उठावाची आहे की खोलगट. पोलादी ठशाला तडा गेला की नाणे पाडताना त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. म्हणजे हा दोष जन्मजात. ओरखडा, सराफाची टोच किंवा छिन्नीचा घाव नाण्यात खड्डा करतो, म्हणजे ती जन्मानंतरची इजा. अक्षरे दुहेरी दिसली तर नाणे ठशाखाली दोनदा आले असावे. कडा कुरतडलेली असेल तर कुणीतरी चांदी काढून घेतलेली असते, आणि ते वजनात दिसते. तिसरा प्रकार मातीतल्या आजारांचा. चांदीत मिसळलेले तांबे बाहेर येऊन हिरवी पुटे धरतात, गंधकाने चांदी काळी पडते, खारट जमिनीत तिच्यावर राखाडी थर चढतो. चिंच लावून घासून चकचकीत केलेले नाणे म्हणजे अर्धवट औषध घेऊन आलेला रुग्ण. त्याची लक्षणे गेलेली असतात आणि निदान अडते.

वरून कळत नाही तिथे आत पाहावे लागते. रुपयाचा छोटा तुकडा शिशात गुंडाळून हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत ठेवतात. शिसे आणि तांबे जळून वाटीत शोषले जातात, शुद्ध चांदीचा मणी मागे राहतो. तो तोलला की कस कळतो. यात भट्टीची उष्णता चुकली की उत्तर चुकते, आणि तेव्हाच्या उष्णतामापकांवर फारसा भरवसा नव्हता. प्रिन्सेपने चांदी, सोने आणि प्लॅटिनम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तुकडे केले. कोणता तुकडा वितळला आणि कोणता टिकला, यावरून तो भट्टीचे तापमान ठरवू लागला. या कामाबद्दल १८२८ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षाच्या आत, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याने केलेला तराजू ग्रेनच्या तीन हजारांश भागालाही दाद देत असे, म्हणजे मिलिग्रॅमच्या सुमारे पाचव्या हिश्शाला.

बनारसमधली त्याची आणखी एक कामगिरी आरोग्याची आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. दाट वस्तीतल्या साचलेल्या तळ्यांचे पाणी काढून देण्यासाठी त्याने जमिनीखालून नाला बांधून घेतला. पटकीचे मूळ दूषित पाण्यात असल्याचे लंडनमध्ये जॉन स्नोने मांडले, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८३० मध्ये तो कलकत्त्याला परतला आणि दोन वर्षांनी विल्सनच्या जागी बसला. १८३५ मध्ये कंपनीच्या मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. या सुधारणेमागे प्रिन्सेपच्या मोजमापांचा मोठा आधार होता.

जुन्या नाण्यांकडेही तो याच नजरेने पाहायचा. अफगाणिस्तान-पंजाबातून चार्ल्स मॅसनसारखे शोधक नाण्यांचे ढीग जमवत होते. त्यांपैकी अनेकांवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला अनोळखी लिपी. राजाचे नाव दोन्हीकडे तेच असणार, या धाग्याने त्याने खरोष्ठीची बरीच अक्षरे ओळखली. सुरुवातीला तो चुकलाही होता आणि ती चूक त्याने पुढे दुरुस्त केली. श्रेय त्या एकट्याचे नाही, लासेनसारखे युरोपातले पंडितही याच कामी लागले होते. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरच्या लहान लेखांची शेवटची दोन अक्षरे सारखीच दिसली, ती ‘दानं’ असावीत हे त्याने ताडले आणि ब्राह्मी उलगडली.

याचा धागा नाशिकपर्यंत येतो. जवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे नऊ हजार नाण्यांवर चेहऱ्यावर, अक्षरांवर आडवेतिडवे काहीतरी ठोकलेले होते. ती ना झीज होती, ना सराफाची टोच. गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलेल्या शत्रूच्या नाण्यांवर आपला शिक्का मारला होता. खालचा मजकूर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठीत, वरचा ब्राह्मीत. प्रिन्सेपच्या पिढीने लिप्या उलगडल्या नसत्या तर हे थर कुणाला वाचता आले असते?

दिवसा टांकसाळ, रात्री नाणी, एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद, तिच्या नियतकालिकाचे संपादन, जगभरचा पत्रव्यवहार. १८३८ मध्ये त्याला वारंवार डोकेदुखी आणि मळमळ होऊ लागली. यकृताचा, पित्ताचा विकार असे आधी समजले गेले. नोव्हेंबरमध्ये त्याला जहाजावर चढवून इंग्लंडला नेले, तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. तो सावरला नाही. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये बहिणीच्या घरी वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. मागे पत्नी हॅरिएट आणि लहानगी मुलगी राहिली.

मृत्यूचे कारण मेंदू मऊ पडणे असे दिले गेले. तेव्हा हे नाव पक्षाघात, जंतुसंसर्ग, गाठ अशा कितीतरी आजारांना लावले जाई. वीस वर्षे शिशाच्या भट्टीशेजारी काढलेला माणूस, डोकेदुखी, मळमळ, मग मेंदूचा विकार, हे वाचले की आजच्या डॉक्टरच्या मनात शिशाची विषबाधा येतेच. तीही डोकेदुखीने आणि पोटाच्या तक्रारींनी सुरू होऊ शकते आणि मेंदूपर्यंत जाऊ शकते. पण हीच लक्षणे मेंदूतल्या गाठीचीही असतात, आणि नुसत्या पेशावरून आजार ठरवणे म्हणजे नाण्यावरचे साल वाचून त्याचे वय सांगणे. रक्ताची तपासणी नाही, मेंदूची प्रतिमा नाही. हे निदान उघडेच ठेवावे लागते.

कलकत्त्यात हुगळीकाठी त्याच्या नावाचा घाट बांधला गेला. त्याने जमवलेली नाणी १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली.