भावांच्या भांडणातला पंच : रोमी सेनापती पाँपी

नव्या करारात जिकडे तिकडे रोमी सत्ता दिसते. जकातदार कर घेतात, शताधिपती हुकूम सोडतात, सुभेदार न्यायासनावर बसतो. यहूद्यांच्या देशात ही सत्ता कशी शिरली हे समजण्यास पाँपी ह्या सेनापतीचे चरित्र उपयोगी पडते.

त्याचा जन्म इ. स. पू. १०६ साली झाला. ऐन तारुण्यात त्याने स्वतः सैन्य उभारून सुल्ला ह्या बलाढ्य पुढाऱ्यास साहाय्य केले, आणि पुढे लोक त्यास थोर हे उपपद लावू लागले. इ. स. पू. ६७ साली समुद्रावर चाच्यांचा इतका उपद्रव वाढला की रोमास धान्याची गलबते पोहोचेनात. पाँपीने सुमारे तीन महिन्यांत समुद्र मोकळा केला. शरण आलेल्या पुष्कळ चाच्यांस ठार न मारता त्याने किलिकिया वगैरे ठिकाणी वसविले व शेतीस लाविले. पुढे त्याने पंताचा राजा मिथ्रदात ह्याचा पाडाव केला आणि इ. स. पू. ६४ साली सूरिया हा रोमी प्रांत केला. काही देश रोमाने थेट आपल्या ताब्यात घ्यावे, काही ठिकाणी देशी राजा गादीवर ठेवून त्यास आपल्या आज्ञेत वागवावे, अशी ही राज्यपद्धती होती.

ह्याच सुमारास यरुशलेमात राणी अलेक्झांड्रा मरण पावली व तिच्या दोघा पुत्रांत गादीसाठी कलह माजला. वडील हिर्कानस शांत स्वभावाचा, तर धाकटा अरिस्तबूल धाडसी. धाकट्याने राज्य बळकाविले. थोरल्याच्या कानाशी अंतिपातर नावाचा एक धूर्त मनुष्य लागला. हाच हेरोद राजाचा बाप. त्याने अरबी राजा अरीतास ह्याची फौज आणविली. मग दोघेही भाऊ रोमी अधिकाऱ्यांकडे द्रव्य घेऊन धावले, आणि इ. स. पू. ६३ साली दिमिष्कात पाँपीपुढे उभे राहिले. तिसरे मंडळ प्रजेचे होते. आम्हांस दोघांपैकी एकही राजा नको, अशी त्यांची विनंती होती.

पाँपीने निकाल लांबणीवर टाकिला. अरिस्तबूलाच्या वर्तनाचा संशय आल्यावर तो यरुशलेमावर चालून गेला. हिर्कानसाच्या पक्षाने वेशी उघडल्या. अरिस्तबूलाचे लोक मंदिरात कोंडून बसले. वेढा तीन महिने चालला. शब्बाथ दिवशी अंगावर हल्ला आल्यावाचून यहूदी हत्यार धरीत नसत, हे पाहून रोमी लोक नेमके त्याच दिवशी मातीचे बांध चढवीत. अखेर तट पडला. सुमारे १२,००० यहूदी मारले गेले, असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. वेदीजवळ सेवा करणारे याजक आपले काम न सोडता तेथेच पडले. पाँपी परमपवित्रस्थानात शिरला. तेथील सोन्याची पात्रे व पुष्कळ धन त्याने पाहिले, परंतु कशासही हात लाविला नाही. दुसऱ्या दिवशी मंदिर शुद्ध करून उपासना चालू ठेवण्यास त्याने सांगितले.

निकाल असा झाला : हिर्कानस प्रमुख याजक राहिला, पण राजा ही पदवी गेली, देशावर खंडणी बसली, दकापलीसची नगरे व समुद्रकाठची शहरे तुटली, अरिस्तबूल आपल्या मुलांसह बंदिवान होऊन रोमास गेला. प्रजेचे मागणे तेवढे कोणी ऐकिले नाही, आणि खंडणी मात्र प्रजेनेच भरली.

पुढे पाँपीचे आपला सासरा जूलियस सीझर ह्याच्याशीच वैर जडले. इ. स. पू. ४८ साली फार्सालस येथे पराभव पावून तो मिसरात आश्रयास गेला. तेथील बालराजा टॉलेमी आपली बहीण क्लिओपात्रा हिच्याशी गादीसाठी लढत होता. सीझरची मर्जी संपादावी म्हणून राजाच्या मंत्र्यांनी पाँपीस होडीत घेऊन किनाऱ्याजवळ भोसकिले. मारेकऱ्यांत त्याच्याच हाताखाली पूर्वी चाकरी केलेला एक शिपाई होता. एका मुक्त दासाने जुन्या होडीच्या फळ्या गोळा करून त्याचे प्रेत जाळिले.

भावांच्या तंट्यात पंच होऊन जो मोठा झाला, तो बहीणभावांच्या तंट्यात बळी पडला. त्या तंट्यातही सीझर शिरला, आणि इ. स. पू. ३० साली मिसर रोमाचा प्रांत झाला. भाऊबंदकी मिटविण्यास जो बलिष्ठ परका बोलाविला जातो, तो निवाडा करून परत जात नाही. वतन घेऊन बसतो. घरातला, गावातला व मंडळीतला तंटा वेळीच आपसांत मिटविणारे धन्य होत.