डॉ. फ्रोइलानो द मेलो

डॉ. फ्रोइलानो द मेलो हे नाव गोमंतकात पुष्कळांच्या कानांवरून गेलेले आहे. परंतु त्यांनी आयुष्यभर कोणता व्यासंग केला, हे मात्र आमच्या पेडणे-डिचोलीकडे थोड्यांनाच ठाऊक असेल.

सासष्टीतील बाणावली गावी १८८७ साली त्यांचा जन्म झाला. गोव्यातील वैद्यकीय विद्यालयात व पुढे पोर्तुगालातील पोर्तो येथे शिकून ते परत आले, त्याच विद्यालयात प्राध्यापक झाले आणि कालांतराने त्याचे संचालकही झाले. हिवताप, क्षय व कुष्ठरोग यांच्याशी त्यांनी दीर्घकाळ झुंज दिली. माकाझन येथील कुष्ठधाम ही त्यांचीच निर्मिती होय. पणजी नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, पोर्तुगालच्या संसदेतही ते गेले.

परंतु आम्हांस त्यांचे खरे मोठेपण दिसते ते सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी. दारात रोग्यांची रीघ असता हा वैद्य वाळवीच्या आतड्यात आणि पाखरांच्या रक्तात एकपेशीय परोपजीवी शोधीत बसे! कोणी हसले असल्यास नवल नाही. तथापि परोपजीवी एका प्राण्यात वाढतो व व्याधी दुसऱ्यास जडते. म्हणून त्याचे मूळ घर कोठे आहे, हे आधी शोधावे लागते.

याच जातीचा एक जीव १९०८ साली, द मेलो एकवीस वर्षांचे असताना, ट्युनिस येथे निकोल व मांसो यांना एका कृंतक प्राण्यात, आणि ब्राझीलमधील साओ पाउलो शहरी स्प्लेंदोरे यांना सशात आढळला. टॉक्झोप्लाझ्मा हे त्याचे नाव. तो मातेकडून गर्भातील बालकाकडे जातो, हे १९३९ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी दाखविले. मात्र मातेस तो कोठून मिळतो, हे गूढच राहिले. द मेलो यांनी अखेरची वर्षे ब्राझीलमध्ये काढली, आणि ज्या साओ पाउलोत तो जीव सापडला होता तेथेच १९५५ साली त्यांचा अंत झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७० च्या सुमारास, उलगडा झाला. त्या जीवाचे मूळ घर मांजराच्या आतड्यात होते! या शोधात जितेंद्र दुबे या भारतीय पशुवैद्याचाही वाटा होता.

उंदीर वा पाखरू खाल्ल्याने मांजरास ही बाधा होते, आणि पुढे काही दिवस त्याच्या विष्ठेतून अतिसूक्ष्म बीजे पडतात. एक ते पाच दिवसांत ती बाधक बनतात व ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. परसात भाजी खुडणारे हात, न धुतलेला पाला, अर्धेकच्चे मांस यांवाटे तो जीव माणसाच्या पोटात जातो. धडधाकट माणसास बहुधा काहीच जाणवत नाही. परंतु गरोदरपणी ही बाधा प्रथमच झाली तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या डोळ्यांस व मेंदूस इजा पोहोचते.

म्हणून कोठीत उंदीर राखणाऱ्या मांजराला घराबाहेर काढावे काय? मुळीच नाही. त्याला कुरवाळल्याने सहसा बाधा होत नाही. त्याची घाण घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढावी. गर्भवतीने मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत व मांस पुरते शिजवून खावे. शंका आल्यास रक्त तपासता येते, आणि बाधा आढळलीच तर वैद्यांपाशी त्यावर औषधही आहे.