हार्वे वायली : बारकोड स्कॅनरच्या कितीतरी आधीचे प्रॉडक्ट टेस्टर

फेसवॉशचा बारकोड स्कॅन केला की अ‍ॅप लगेच हिरवा किंवा लाल रंग दाखवतं. पण मोबाईल नव्हता तेव्हा हे कोण सांगायचं? अमेरिकेत हे काम डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली यांनी केलं. चला, त्यांच्याबद्दल जाणून घेऊया.

सायकलवाले प्राध्यापक

वायली यांचा जन्म १८४४ साली इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली, पण रमले मात्र रसायनशास्त्रात. पर्ड्यू विद्यापीठात शिकवताना, प्राध्यापक असून सायकल चालवतात म्हणून त्यांनी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली! पुढे ते वॉशिंग्टनला सरकारी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले.

बारा तरुण आणि बोरॅक्स

तेव्हा अन्न टिकवायला बोरॅक्स, फॉर्मल्डिहाइड असं काहीही घालायचे. १९०२ मध्ये वायलींनी बारा तरुण स्वयंसेवक घेतले. त्यांना जेवणासोबत ही रसायनं मोजून द्यायची आणि वजन, लघवी, तब्येत रोज तपासायची. मात्रा वाढली तशी भूक मेली, डोकं आणि पोट दुखायला लागलं. वर्तमानपत्रांनी या मुलांना ‘विषपथक’ म्हटलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, पण त्यामुळे लोक जागे झाले. १९०६ मध्ये शुद्ध अन्न आणि औषध कायदा आला.

एक मोठी फट मात्र राहिली. या कायद्यात क्रीम, पावडर, डाय यांचा समावेशच नव्हता.

स्वतःचं रेटिंग

वरिष्ठांशी वाद वाढले आणि १९१२ मध्ये वायलींनी नोकरी सोडली. मग ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत त्यांनी वस्तू तपासायला घेतल्या. १९१४ मध्ये त्यांचं १००१ चाचण्यांचं पुस्तक आलं. त्यात खाद्यपदार्थांसोबत प्रसाधनंही होती. कोणती वस्तू चांगली, कोणती नाही, हे कंपनीच्या नावासकट!

३० जून १९३० रोजी वायली गेले. तीनच वर्षांनी ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या डायने काही बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीवही गेला. त्यात पीपीडी हे रसायन होतं. अखेर १९३८ च्या नव्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली.

आपण काय घ्यायचं?

वायलींचं सगळंच बरोबर नव्हतं. बेन्झोएटला त्यांचा कडक विरोध होता, आज ते ठरलेल्या मर्यादेत शाम्पूत चालतं. म्हणजे नुसतं नाव बघून घाबरायचं नाही, प्रमाण आणि वापर कुठे, हेही बघायचं. अ‍ॅपवर लाल रंग दिसला, तर तो कशामुळे आहे हे आधी वाचा.

आणि हो, पीपीडी आजही बऱ्याच काळ्या हेअर डायमध्ये असतं. म्हणून पाकिटावरची पॅच टेस्ट टाळू नका. आणि डाय पापण्यांना, भुवयांना तर अजिबात लावू नका!