आधी भाकरी, मग पदवी : कर्मवीर भाऊराव पाटील

तापीच्या तीरावरील जैनाबादेत निघणाऱ्या शताब्दी-ग्रंथात साताऱ्याच्या एका शिक्षणप्रसारकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपले वाचनालय ज्या काळात उभे राहिले, त्याच सुमारास, १९२४ साली, साताऱ्यात भाऊराव पाटलांचे वसतिगृह सुरू झाले. ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये, ही दोहोंमागची प्रेरणा एकच होती. मात्र ग्रंथ फुकट मिळाला तरी तो वाचण्याइतकी उसंत आणि पोटात अन्न असावे लागते, ही गोष्ट भाऊरावांनी जितकी ओळखली तितकी त्यांच्या काळात फार थोड्यांनी ओळखली असेल. गरीब घरातील मुलाने महाविद्यालयात शिकावे कसे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणून हे स्मरण.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी, जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगौंडा महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिल्यामुळे ते नगर त्या वेळी विद्यार्थ्यांचे माहेरघर बनले होते. भाऊराव जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर एका रात्रीत जाते त्या विद्यार्थ्याची अवस्था त्यांनी अशी स्वतः अनुभवली. पुढे आपल्या वसतिगृहात त्यांनी जातीची भिंत उभी राहू दिली नाही, याचे बीज येथे असावे.

त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालविला, आणि पाटील मास्तर हे नाव त्यांना मिळाले. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातील पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले, तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी कारावास आणि छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. या भ्रमंतीत त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. मुलगा शाळेत गेला की फी द्यावी लागते, हे तर खरेच. पण त्याच्या हातांची मजुरीही बुडते, आणि ती बुडाली तर चूल पेटत नाही, हे त्यांनी पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये कार्याचे केंद्र साताऱ्यास हलले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. धान्य कमी पडले की भाऊराव गावोगाव फिरत, घरोघरच्या मूठमूठ धान्यातून मुष्टिफंड जमवीत. आणि तेही अपुरे पडले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला; अखेर मंगळसूत्रही मुलांच्या भाकरीसाठी गेले. माहेरच्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांतून आलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांची आई होणे पत्करले. १९३० साली त्या निवर्तल्या. गरिबांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला, याचा हिशेब मांडताना हे नाव प्रथम लिहावे लागेल.

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. यानंतर उरला उच्च शिक्षणाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड होता. शाळेपर्यंत आलेला शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयाच्या दारातून परत फिरे, कारण महाविद्यालये मोठ्या शहरांत असत आणि तेथे फीपेक्षा राहण्याजेवण्याचाच खर्च जड होई. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि त्याची उभारणी कमवा आणि शिका या तत्त्वावर केली. विद्यार्थी शेतीत राबत, माळ सपाट करीत, रस्ते आणि इमारती बांधण्यास हातभार लावीत; त्या श्रमातून त्यांचे जेवण आणि फी भागे. १९५४ मध्ये कराड येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने दुसरे महाविद्यालय सुरू झाले.

या योजनेवर आक्षेप घेता येतो, आणि तो हलक्याने झटकण्याजोगा नाही. सधन घरचा मुलगा ज्या वेळी अभ्यास करतो त्या वेळी गरिबाच्या मुलाने कुदळ मारावी, यात समता कोणती? भाऊरावांच्या हाती सरकारी खजिना असता तर कदाचित त्यांनी वेगळी वाट धरली असती. त्यांच्यापुढचा पर्याय श्रम किंवा सुखाचे शिक्षण असा नव्हता. श्रम करून शिकणे किंवा शिक्षणास कायमचे मुकणे, एवढाच होता. शिवाय घामाने मिळविलेल्या शिक्षणाने विद्यार्थी कोणाचा मिंधा राहत नाही, हा त्यांचा दृढ विश्वास होता.

त्याची कसोटी लवकरच लागली. गांधीहत्येनंतरच्या काळात, १९४८ साली, भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. सरकारचा हात आखडला तरी लोकांचा आखडला नाही. संस्था टिकली, आणि पुढे अनुदानही पूर्ववत झाले. महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्या धनिकाला त्यांनी परत पाठविले, असेही सांगतात. दात्याच्या मर्जीवर मुलांचे शिक्षण टांगून ठेवायचे नाही, ही दोन्ही प्रसंगांतील शिकवण आहे.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट्. पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाचा हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या वसतिगृहातून शिकून बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत, साताऱ्यात २०२१ पासून त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, आणि कमवा व शिका ही योजना महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही स्वीकारली आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. शिष्यवृत्त्या पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत, फीमाफीच्या योजना आहेत. तरीही यंत्रमागावरील कामगाराचा किंवा केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराचा मुलगा प्रवेश घेऊनही वर्ष पुरे करीलच, अशी खात्री देता येत नाही. वर्गात शिकविताना आम्हां अध्यापकांस हे दिसते. शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत खोलीचे भाडे, खानावळ, एस. टी. किंवा रेल्वेचा पास आणि पुस्तके थांबत नाहीत. दाखले आणि अर्ज यांत पहिले सत्र संपते, आणि हुशार मुलगा निमूटपणे कामावर परततो. मदत वेळेवर न पोहोचणे हे त्याच्या दृष्टीने मदत नसण्यासारखेच असते. भाऊरावांनी प्रारंभ भाकरीपासून केला, त्याचे मर्म हेच.

एका वाचनालयाला वसतिगृह चालविता येणार नाही. परंतु गरजू महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना क्रमिक पुस्तके वर्षभरासाठी घरी देणारी पुस्तकपेढी, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरून देणारे चार जाणते सभासद, एवढे आपल्या आवाक्यात आहे. मूठमूठ धान्यावर ज्याने महाविद्यालये उभी केली, त्याच्या चरित्रातून शंभर वर्षांच्या संस्थेने इतके तरी घ्यावे.