बाराव्या वर्षी अक्षरे गिरविणारा राजा

बडोदेकरांना श्रीमंत सयाजीराव महाराजांची ओळख करून देणे म्हणजे घरच्या माणसाला घराचा पत्ता सांगण्यासारखे आहे. कलाभवन, मध्यवर्ती ग्रंथालय, न्यायमंदिर यांच्या सावलीतच आपल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. परंतु या थोर पुरुषाच्या आयुष्यातला एक धागा असा आहे की तो आपल्याच शहरापुरता पाहिला तर त्याचे मोल नीट कळत नाही. तो धागा म्हणजे गावोगावच्या लहान मुलांचे शिक्षण. त्याच काळात आशिया खंडात दुसरीकडे काय चालले होते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे महाराजांनी काय साधले आणि काय साधावयाचे राहिले, या दोन्हींचा उलगडा होतो.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी महाराजांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण राहणी शेतकऱ्याची. १८७५ साली मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर करण्यात आले आणि महाराणी जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कुळातील मुले बडोद्यास आणवली गेली, त्यांतून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. त्या वेळी त्यांना बारावे वर्ष सरले होते आणि अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच. घरंदाज मुलगा ज्या वयात हिशेब आणि पत्रलेखन करू लागतो, त्या वयात हा मुलगा पाटीवर मुळाक्षरे गिरवू लागला.

दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली व इलियट साहेबांची गुरू म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, राज्यकारभार असा सारा भार सहा वर्षांत उचलावयाचा होता. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा महाराजांचे वय अवघे अठरा होते. उशिरा शिकलेल्या माणसाला शिकण्याचे कष्ट कायमचे आठवतात. पुढे जन्मभर त्यांनी वाचनाची सवय सोडली नाही, ती याच वर्षांत जडली.

आता त्या वेळच्या शाळा कशा होत्या ते पाहू. आपल्याकडे पंतोजींची शाळा आणि गुजरातेत धूळी निशाळ. फळीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पाढे मोठ्याने म्हणायचे. इयत्ता नाही, वर्ग नाही. एका ओसरीवर वीस मुले बसलेली, पण प्रत्येकाचा धडा निराळा आणि पंतोजी एकेकाला जवळ बोलावून शिकविणार. जपानातही तेव्हा तेराकोया नावाच्या शाळा होत्या आणि त्यांची रीत आश्चर्य वाटावे इतकी अशीच होती. धुळीऐवजी कुंचला आणि शाई, पाढ्यांऐवजी पत्रांचे नमुने, परंतु प्रत्येक मुलाचा कित्ता वेगळा आणि गुरुजी एकेकाचा हात धरणारे. गाण्याची तालीमही पिढ्यान् पिढ्या याच रीतीने चालत आली आहे, म्हणून आम्हां गाणे शिकविणारांना ती परकी वाटत नाही. या रीतीत मुलाकडे गुरूचे लक्ष असते हे खरे. मात्र ज्याला गुरूने जवळ बोलावले नाही, तो बाहेरच राहतो हेही तितकेच खरे.

जपानने १८७२ मध्ये ही रीत मोडावयास घेतली. सर्व मुलामुलींनी शाळेत गेले पाहिजे असा सरकारी आदेश निघाला, अध्यापनशाळा उघडली, फळा आणि वर्ग आले. पण शाळेची फी पालकांच्या माथी होती आणि शेतावरचे दोन हातही जात होते. १८७३ मध्ये काही ठिकाणी संतापलेल्या शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. त्या वर्षी शंभरांतली जेमतेम अठ्ठावीस मुले पटावर होती आणि मुलींचे प्रमाण तर त्याहूनही पुष्कळ कमी होते. १८८६ मध्ये सक्ती अधिक स्पष्ट झाली, १९०० मध्ये फी माफ झाली आणि १९०२ पर्यंत पटावरचे प्रमाण शंभरांत नव्वदांच्या वर गेले. तीस वर्षांची ही चाल होती. आदेश पहिल्याच दिवशी निघाला होता, परंतु फी उठेपर्यंत आणि शिकलेले शिक्षक पुरेसे तयार होईपर्यंत शाळा भरल्या नाहीत.

महाराजांनी घाई केली नाही. १८९३ मध्ये दूर काठेवाडातील अमरेली गाव व आसपासची काही खेडी निवडून त्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो पुढे तालुकाभर नेला आणि तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ मध्ये, सर्व राज्याला कायदा लागू केला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा ठरली. ज्या वयात कवळाण्याच्या गोपाळरावांचे शिकणे सुरू झाले, त्याच वयाला राज्यातील मुलग्याची शाळेची सक्ती संपावी, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेजारच्या ब्रिटिश मुलखात तर एवढेही नव्हते. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा जपान, सिलोन व फिलिपाईन्स यांच्या जोडीने बडोद्याचा दाखला दिला होता. १९१२ मध्ये ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. सयाममध्ये राजाने सक्तीचा कायदा केला तो १९२१ साली. तेथे त्याआधीपासून बौद्ध विहारांतील भिक्षूंकडून खेड्यांत शिक्षण पोहोचविण्याची व्यवस्था होती. जपानी अमलाखालील फॉर्मोसात सक्ती आली ती १९४३ मध्ये.

१९१० मध्ये महाराज जगप्रवासात जपानलाही जाऊन आले. दोन्ही देशांतील अडचणी सारख्या नव्हत्या. जपानात बहुतेक सर्वांची भाषा एक. बडोद्याचा मुलूख मात्र बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असा विखुरलेला, रयत गुजराती आणि दरबारात मराठीचा वावर. दुसरी अडचण जातिभेदाची. महाराजांनी १८८० नंतर लगेच अंत्यजांसाठी शाळा काढल्या, पण तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. सुरुवातीस मुसलमान शिक्षकांनी हे काम केले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्मारामजी यांनी ते हाती घेतले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले, परंतु १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास परतले तेव्हा याच शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. ही गोष्ट आपण बडोदेकरांनी विसरू नये. जपाननेही १८७१ मध्ये कायद्याने अस्पृश्यता संपविली होती, तरी पुढे कित्येक ठिकाणी त्या वस्त्यांतील मुलांना वेगळ्या शाळांत बसावे लागले.

गाण्याच्या बाबतीत दोन्ही देशांचा प्रवास जवळून ताडून पाहता येतो. जपानच्या १८७२ च्या अभ्यासक्रमात गायन हा विषय होता, पण शिकविणारे नव्हते म्हणून तो तूर्त वगळला होता. अमेरिकेत शिकून आलेल्या इझावा शूजी यांनी १८७९ पासून शाळांसाठी गाणी तयार करविली. त्यांतील पुष्कळ चाली पाश्चात्त्य होत्या, एक तर स्कॉटलंडची लोकप्रिय चाल होती. बडोद्यात महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, आपली स्वरलिपी तयार केली आणि आपल्याच रागांत धडे लिहिले. घराण्याबाहेरच्या मुलाला, एका खोलीत अनेकांना मिळून, कागदावरून शिकविणे हे पुष्कळ जुन्या जाणकारांना रुचले नाही. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, कारण लिपी वाचून कोणी गवई होत नाही. पण जो मुलगा गवयाच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचला नसता, त्याला निदान सा रे ग म कळू लागले. गावच्या शाळेचेही तसेच होते.

चार इयत्ता शिकून नांगराकडे वळलेला मुलगा दहा वर्षांत अक्षरे विसरतो, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यांत लहान ग्रंथालये आणि जेथे तेही नाही तेथे फिरत्या ग्रंथपेट्या. शाळेपाठोपाठ पुस्तक खेड्यात जावे, हा विचार त्या काळच्या हिंदुस्थानात नवा होता.

तरीही हिशेब खरा मांडला पाहिजे. १९३१ च्या खानेसुमारीतही बडोदे राज्यातील दर चार माणसांत तीन तरी निरक्षरच होती. गैरहजर मुलांच्या पालकांना दंड होई. पण गुरे राखण्यास दुसरे कोणी नसलेला बाप दंड भरी किंवा चुकवी, मुलाला मात्र पाठवीत नसे. मुलगी दहाव्या वर्षी सुटे आणि संसाराच्या तयारीस लागे. जपानने जे तीस वर्षांत केले ते येथे झाले नाही, कारण गरिबी मोठी आणि जातींच्या भिंती उंच होत्या.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. १९४९ मध्ये राज्य विलीन झाले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा भारताच्या संसदेने २००९ मध्ये केला, तेव्हा अमरेलीच्या प्रयोगाला एकशे सोळा वर्षे झाली होती.

पुण्यतिथीस आपण काळा घोड्यापाशी जाऊन महाराजांना हार घालतो. तेथून परतताना जवळच्या एखाद्या सरकारी प्राथमिक शाळेत डोकावावे आणि पटावर किती मुले आहेत, त्यांतली आज किती हजर आहेत आणि मुली किती, एवढे विचारून यावे. महाराज खेड्यांच्या दौऱ्यावर असते तर त्यांनी याहून निराळे काही विचारले असते, असे वाटत नाही.