प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (७ डिसेंबर १९१५ – २२ जुलै १९८२) हे भारतीय हृदयशल्यचिकित्सक होते. भारतातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले.

जीवन

सेन यांचा जन्म कोलकात्यातील, तर शालेय शिक्षण नागपुरातील. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. पुढे त्याच संस्थेत व तिच्याशी संलग्न असलेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी अध्यापन व शस्त्रक्रिया केल्या.

हृदयभिंतीवरील संशोधन

हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणी बंद पडून हृदयाच्या स्नायूचा काही भाग मृत होतो. पहिल्या काही दिवसांत हा भाग मऊ पडतो आणि क्वचित जवनिकेची भिंत आतील दाबाने फाटते. बाहेरची भिंत फाटल्यास रक्त हृदयावरणात साठते; त्याच्या दाबाखाली हृदयाला पुरेसे रक्त भरून घेता येत नाही व रुग्ण अल्पावधीत दगावू शकतो. अशा मरणोन्मुख भिंतीला रक्त पोहोचवावे कसे, हा सेन यांच्या संशोधनाचा एक प्रश्न होता. सापाच्या हृदयाच्या भिंतीला पोकळीतूनच बरेचसे रक्त मिळते. त्यावरून सुईने भिंतीला अनेक बारीक छिद्रे पाडून तिला जवनिकेतील रक्त थेट पुरवण्याची कल्पना त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडली. अशी छिद्रे कालांतराने बुजतात, असे पुढे आढळले. तथापि लेझरने छिद्रे पाडण्याच्या नंतरच्या उपचारपद्धतीचे मूळ या प्रयोगांत आहे.

हृदय-प्रत्यारोपण

दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या डिसेंबर १९६७ मधील शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी के.ई.एम. रुग्णालयात हृदय-प्रत्यारोपण केले. ते जगातील सहावे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. दोन्ही रुग्ण काही तासांपलीकडे जगले नाहीत. नव्या हृदयाचा शरीराकडून होणारा अव्हेर रोखणारी प्रभावी औषधे तेव्हा नव्हती आणि भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताही नव्हती. हे कार्य त्यामुळे तेथेच थांबले.

सन्मान व वारसा

१९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. सेन यांच्या पहिल्या प्रयत्नाला तेव्हा २६ वर्षे उलटली होती.